जुन्या मदरबोर्डमधले सोने नेमके कुठे हरवते?

दहा ग्रॅम सोन्याचा भाव २०२५ साली एक लाख रुपयांच्या पुढे गेला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ई-कचरा, निकामी लिथियम बॅटऱ्या आणि तत्सम भंगारातून महत्त्वाची खनिजे परत मिळवणाऱ्या उद्योगांसाठी १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. संगणकातले जुने बोर्ड, म्हणजे चिपा आणि इतर सुटे भाग ज्यांवर झाळलेले असतात त्या पट्ट्या, आम्लात बुडवून शेवटी सोन्याचा मणी काढून दाखवणाऱ्या चित्रफितीही मोबाइलवर फिरत असतात. त्यामुळे माळ्यावर धूळ खात पडलेल्या संगणकात खरोखर किती सोने आहे, ते काढतात कसे, आणि काढणे इतके सोपे असेल तर सगळेच का काढत नाहीत, असे प्रश्न पडणे साहजिक आहे. या विषयात सगळ्यांचे लक्ष आम्ल आणि भट्टी यांच्याकडे जाते. माझ्या मते मात्र सोने मिळणार की वाया जाणार, याचा निकाल त्याच्या बराच आधी, संगणक उघडणाऱ्या माणसाच्या टेबलावर लागतो. तसे का, हे समजण्यासाठी सुरुवात मुळापासून करावी लागेल.

## संगणकाला सोने कशासाठी लागते?

तांबे विजेचे उत्तम वाहक आहे, पण हवेत ठेवले की काळवंडते. चांदी तांब्याहूनही सरस वाहक आहे, पण हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे तीही काळी पडते. संगणकात असंख्य ठिकाणी दोन भाग एकमेकांना नुसते टेकलेले असतात आणि त्या टेकण्यातूनच वीज पुढे जाते. तिथे असा काळा थर जमला की संकेत अडतो आणि यंत्र बंद पडते. सोन्यावर थर जमत नाही, ते वर्षानुवर्षे जसेच्या तसे राहते, म्हणून अशा जागी सोन्याचा मुलामा देतात.

रॅमची पट्टी हातात घेऊन तिच्या कडेला पाहिले तर पिवळ्या चौकटींची एक रांग दिसते. ते खरे सोने असते, फक्त त्याची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. त्याखाली निकेलचा थर असतो, कारण तो नसेल तर खालचे तांबे हळूहळू सोन्यात झिरपून वर येते. प्रोसेसरच्या पिना, तो ज्यात बसतो ते सॉकेट, आणि कार्डे खोचायच्या खाचा यांनाही असाच मुलामा असतो. जुन्या चिपांच्या पोटात केसाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढी बारीक सोन्याची तार असते. सोने महागल्यावर पुष्कळ चिपांमध्ये तिच्या जागी तांब्याची तार आली.

सोन्याबरोबर इतरही मौल्यवान धातू असतात. शिसे नसलेल्या आधुनिक झाळणात बहुतांश कथिल आणि सुमारे ३ टक्के चांदी असते. जुन्या कपॅसिटरांत, म्हणजे क्षणभर वीज साठवणाऱ्या छोट्या भागांत, पॅलेडियम सापडते, तर हार्ड डिस्कच्या तबकडीवरील चुंबकीय थरात प्लॅटिनम आणि रुथेनियम असते.

## एका संगणकात किती सोने असते?

झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी २०२४ साली एक प्रयोग जाहीर केला. चीज बनवताना उरणाऱ्या निवळीतील प्रथिनांपासून त्यांनी स्पंजासारखा पदार्थ तयार केला आणि त्याच्या साहाय्याने वीस जुन्या मदरबोर्डांतून ४५० मिलिग्रॅम वजनाचा मणी मिळवला. त्यात ९१ टक्के सोने होते आणि उरलेले बहुतेक तांबे. म्हणजे एका मदरबोर्डामागे हाती आले साधारण २० मिलिग्रॅम सोने. एका ग्रॅमला दहा हजार रुपये धरले तर त्याची किंमत दोनशे रुपयांच्या आसपास होते. बोर्ड कोणत्या काळातला आणि कोणत्या प्रतीचा आहे यावर हा आकडा बराच खालीवर होतो, पण घरातल्या एका संगणकातून अंगठी घडेल ही कल्पना सोडून द्यावी लागते.

हेच गणित टनाच्या मापात मांडले की चित्र पालटते. सोन्याच्या खाणीतून निघणाऱ्या एक टन दगडात साधारण एक ते पाच ग्रॅम सोने मिळाले तरी ती खाण चालवण्याजोगी मानतात. कर्नाटकातील कोलारची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली होती. दगडातले सोन्याचे प्रमाण घटत गेले, खर्च परवडेनासा झाला आणि २००१ साली ती बंद झाली. याउलट, एक टन संगणकी बोर्डांत त्यांच्या जातीनुसार दहा-वीस ग्रॅमपासून दोनशे ग्रॅमपर्यंत, कधी त्याहूनही अधिक सोने असते. म्हणूनच शहरांतील ई-कचऱ्याला ‘शहरी खाण’ म्हणतात.

मात्र हा आकडा केवळ सुट्या काढलेल्या बोर्डांचा आहे, आणि ही अट बातम्यांत नेहमी गळून पडते. टोकियो ऑलिंपिकची पदके जुन्या उपकरणांतून बनवण्यासाठी एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ या दोन वर्षांत जपानी लोकांनी ७८,९८५ टन छोटी उपकरणे आणि त्यांखेरीज सुमारे ६२ लाख मोबाइल फोन जमा केले. त्यातून ३२ किलो सोने, ३,५०० किलो चांदी आणि २,२०० किलो कांस्य मिळाले आणि सुमारे पाच हजार पदके घडली. प्रयत्न थोरच होता. पण भागाकार केला तर टनामागे अर्धा ग्रॅमही सोने पडत नाही, म्हणजे खाणीतल्या साध्या दगडाहूनही कमी. कारण त्या ढिगात बोर्ड थोडे होते. बाकी सारे प्लास्टिक, लोखंड आणि तारा. सोने तेवढेच असते. त्याच्याभोवतीचा गाळ किती, यावर त्याची खरी किंमत ठरते.

## सोने सुटे कसे करतात?

सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव या भागांतून देशभर पांगलेल्या गलाई कारागिरांना यातली बरीचशी रसायनविद्या पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. जुने दागिने शुद्ध करताना सोन्यात मुद्दाम सुमारे तिप्पट चांदी मिसळतात आणि तो मिश्रधातू नायट्रिक आम्लात, म्हणजे धंद्यातल्या बोलीत तेजाबात, उकळतात. चांदी आणि तांबे विरघळतात, सोने तळाशी राहते. ते धुऊन, टाकणखार घालून मुशीत वितळवले की लगड तयार होते. विरघळलेल्या चांदीच्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडली की चांदीही परत खाली बसते.

बोर्डांवरही तत्त्व हेच लागू पडते. अडचण प्रमाणाची आहे. दागिन्यात अर्ध्याहून अधिक सोने असते. बोर्डात ते दहा हजार भागांत एक-दोन भाग असते आणि बाकी तांबे, कथिल, लोखंड, काचेचे धागे आणि राळ यांची गर्दी असते. ही गर्दी हटवण्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग अग्नीचा. बेल्जियममधील होबोकेन येथील उमिकोर, स्वीडनमधील रॉनशार येथील बोलिडेन किंवा जपानमधील कोसाका येथील डोवा यांच्या कारखान्यांत बोर्ड सुमारे बाराशे अंश सेल्सिअसच्या भट्टीत घालतात. बोर्डातले प्लास्टिक तिथे इंधनासारखे जळते, काच, लोखंड आणि ॲल्युमिनियम वर तरंगणाऱ्या टाकाऊ मळीत जातात, आणि वितळलेले तांबे सोने, चांदी, पॅलेडियम यांना स्वतःत सामावून घेते. मग त्या तांब्याचे जाड पत्रे ओतून ते आम्लयुक्त द्रावणात टांगतात आणि वीज सोडतात. तांबे एका पत्र्यावरून सुटून दुसऱ्यावर शुद्ध रूपात जमते, आणि न विरघळणारे सोने-चांदी टाकीच्या तळाशी गाळ बनून पडते. त्या काळपट गाळातून एकेक मौल्यवान धातू पुढे वेगळा करतात. अशा कारखान्याचे खरे वैभव मात्र त्याच्या धुराड्यात असते: विषारी डायॉक्सिन तयार होऊ नयेत म्हणून वायू झपाट्याने थंड करणे आणि गाळणे यावरच प्रचंड भांडवल लागते.

दुसरा मार्ग द्रावणाचा. हायड्रोक्लोरिक आम्लाचे तीन भाग आणि नायट्रिक आम्लाचा एक भाग मिसळल्यावर आम्लराज तयार होते, आणि नेहमीच्या कोणत्याही एकट्या आम्लाला न जुमानणारे सोने त्यात विरघळते. पुढे त्यात हिराकस घातला की सोने तपकिरी भुकटीच्या रूपात खाली बसते. विरघळलेले सोने नष्ट होत नाही, याचा एक सुंदर दाखला इतिहासात आहे. १९४० साली नाझी सैन्य कोपनहेगनमध्ये शिरले तेव्हा रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज द हेवेशी यांनी माक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रांक या दोन भौतिकशास्त्रज्ञांची नोबेल पदके आम्लराजात विरघळवून ती बाटली फळीवर ठेवून दिली. युद्धानंतर त्याच द्रावणातून सोने परत मिळवले गेले आणि त्यातून पदके पुन्हा पाडून देण्यात आली.

अलीकडे याहून सौम्य रसायने पुढे येत आहेत. ब्रिटनच्या रॉयल मिंटने २०२४ साली वेल्समधील लँट्रिसंट येथे असा कारखाना सुरू केला. वर्षाला ४,००० टन बोर्ड हाताळण्याची त्याची योजना असून, तिथले रसायन सामान्य तापमानाला काही मिनिटांत फक्त सोने सोडवून घेते. आपल्याकडे सी-मेट या केंद्र सरकारच्या संस्थेने आपल्या हैदराबादच्या प्रयोगशाळेत बोर्डांतून धातू मिळवण्याचे तंत्र विकसित केले आहे. या संस्थेचे मुख्यालय पुण्यात आहे.

## तत्त्व इतके सोपे असेल, तर घरी का करू नये?

चित्रफितीत दिसत नाही ते सांगणे इथे भाग आहे. बोर्डांतले तांबे नायट्रिक आम्लात पडले की नायट्रोजन डायऑक्साइडचा तपकिरी धूर उठतो. हा वायू फसवा आहे. श्वासात गेल्यावर घसा थोडा खवखवतो, माणूस जेवतो, झोपतो, आणि काही तासांनी त्याच्या फुप्फुसांत पाणी साठू लागते. खिडकी उघडी ठेवणे किंवा तोंडाला रुमाल बांधणे हा यावर उपाय नाही. सायनाइड वापरणारे तर त्याहून मोठा धोका पत्करतात, कारण सायनाइड आणि आम्ल चुकून एकत्र आले की प्राणघातक वायू तयार होतो.

शिवाय सोने काढून झाल्यावर जे उरते त्याचे काय? त्या निळ्या-हिरव्या पाण्यात तांबे, निकेल, आणि बोर्ड जुना असेल तर शिसेही असते. ते मोरीत ओतले की आपल्याच भूजलात उतरते. आणि हे सगळे दोनशे रुपयांसाठी. त्यातून आम्लाची किंमत वजा व्हायची आहेच. स्वतःच्या आणि शेजाऱ्यांच्या जिवाची काळजी असणाऱ्या कोणीही हा प्रयोग करू नये.

## गल्लीतले नुकसान आणि कारखान्यातले नुकसान

घरी नाही, पण आपल्या देशातील अनेक वस्त्यांत हे काम रोज चालते. दिल्लीतील सीलमपूरमध्ये संगणक फोडले जातात. पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मुरादाबादमध्ये बोर्ड जाळून त्यांची राख रामगंगेच्या काठी धुतली गेली आहे आणि काळी भुकटी नदीत मिसळली आहे. चीनमधील ग्वेयू गावातील लहान मुलांच्या रक्तात शिशाचे चिंताजनक प्रमाण आढळले, आणि अखेर तिथल्या सरकारने हा व्यवसाय एका औद्योगिक वसाहतीत हलवला. शेगडीवर बोर्ड तापवून चिपा सोडवणाऱ्या माणसाच्या नाकातोंडात झाळणाचा आणि जळत्या राळेचा धूर जातो, आणि बहुधा त्याच खोलीत त्याचे कुटुंबही राहते. ही किंमत कोणत्याही भावपत्रकात येत नाही.

यावर नेहमीचा बचाव असा की, काही का असेना, ही माणसे सोने तरी वाया जाऊ देत नाहीत. दुर्दैवाने तेही खरे नाही. बंगळुरूमधील असंघटित व्यावसायिकांच्या पद्धती मोजून पाहिल्या तेव्हा बोर्डांतील सोन्यापैकी जेमतेम पाव हिस्सा त्यांच्या हाती लागतो असे दिसले. मोठ्या एकात्मिक भट्ट्यांत हेच प्रमाण ९५ टक्क्यांपर्यंत जाते. आम्ल फक्त वरवर दिसणाऱ्या मुलाम्यापर्यंत पोहोचते. चिपांच्या पोटातले आणि थरांमध्ये दडलेले सोने तसेच फेकले जाते.

मग सगळे मोठ्या, यांत्रिक कारखान्यांकडे सोपवावे, असे वाटेल. इथेच या विषयातली सर्वांत उद्‌बोधक गोष्ट आहे. जर्मनीतील एका आधुनिक कारखान्यात ई-कचरा यंत्राने चिरडून, चुंबक आणि चाळण्यांनी वेगळा करताना धातू कुठे जातात, याचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. भट्टीकडे जाणाऱ्या योग्य ढिगात सोने पोहोचले होते सुमारे २६ टक्के. म्हणजे इथेही पावच हिस्सा! उरलेले सोने धूळ बनून लोखंडाला, ॲल्युमिनियमला आणि प्लास्टिकला चिकटून गेले होते. डाळ आणि तांदूळ शिजवण्याआधी निवडता येतात, खिचडी झाल्यावर नाही. अख्खा संगणक चिरडणे म्हणजे आधी खिचडी करणे आहे. पुढची भट्टी कितीही उत्तम असो, तिच्यापर्यंत न पोहोचलेले सोने ती कुठून देणार?

## मग योग्य पद्धत कोणती?

दोन्ही पाव हिश्शांचे कारण वेगवेगळे आहे, हे लक्षात घेतले की उत्तर आपोआप समोर येते. गल्लीतला कारागीर शेवटच्या टप्प्यात, म्हणजे रसायनात, हरतो. यांत्रिक कारखाना पहिल्या टप्प्यात, म्हणजे निवडण्यात, हरतो. पेचकस घेऊन संगणक उघडणारा सराईत माणूस काही मिनिटांत मदरबोर्ड, रॅम, प्रोसेसर, हार्ड डिस्क, वीजपुरवठ्याची पेटी आणि तारा असे वेगवेगळे ढीग करतो, आणि यातले काहीही दुसऱ्याला चिकटत नाही. हे काम हाताने करणे यंत्राहून सरस आहे आणि त्यात आम्ल, आग, धूर यांचा संबंध नाही. म्हणून उकल माणसाच्या हाताने आणि शुद्धीकरण मोठ्या, नियंत्रित कारखान्यात, अशी विभागणी सर्वांत जास्त धातू आणि सर्वांत कमी विष देते.

सुरुवातीला सांगितलेल्या सरकारी योजनेत ज्यांचा उल्लेख आहे त्या महत्त्वाच्या खनिजांसाठी तर ही विभागणी अपरिहार्य आहे. हार्ड डिस्कमधल्या शक्तिशाली चुंबकात निओडिमियम असते, काही कपॅसिटरांत टँटलम असते. बोर्डांबरोबर ते तांब्याच्या भट्टीत गेले तर मळीत मिसळून कायमचे हातचे जातात. ते आधीच वेगळे काढावे लागतात. सरकारने २०२३ साली जाहीर केलेल्या तीस महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत तांबे, टँटलम आणि प्लॅटिनम गटातील धातू आहेत, सोने नाही. तरीही बोर्डांच्या बाबतीत या साऱ्या व्यवहाराचा मोठा खर्च सोनेच उचलते. सोने नीट मिळाले तरच बाकीचे धातू काढणे परवडते.

म्हणूनच असंघटित व्यवसायावर सरसकट बंदी घालावी, ही सूचना मला चुकीची वाटते. घराघरांतून माल गोळा करणारे जाळे आज भंगारवाले आणि कचरावेचक यांच्याकडेच आहे आणि उकलण्याचे कसबही त्यांच्याकडेच आहे. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने घरोघरच्या कचऱ्याबरोबर ई-कचराही गोळा करून दाखवला आहे. अशा लोकांना बोर्ड आम्लात टाकण्यापेक्षा अख्खा विकून अधिक पैसे मिळाले, तर आम्लाची पिंपे धाडी न घालताही रिकामी होतील.

## कायदा काय सांगतो?

ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांचा गाभा ‘विस्तारित उत्पादक जबाबदारी’ हा आहे: ज्या कंपनीने संगणक विकला, तिनेच तो निकामी झाल्यावर त्याच्या पुनर्चक्रीकरणाचा भार उचलायचा. कंपनी हे काम स्वतः करत नाही. ती नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण कारखान्याकडून प्रमाणपत्रे विकत घेते. पूर्वी विकलेल्या आणि आता निकामी होणाऱ्या मालापैकी किती मालाचा भार कंपनीने उचलायचा, याचे बंधन पहिल्या दोन वर्षांत ६० टक्के होते, पुढील दोन वर्षांसाठी ७० टक्के आणि २०२७-२८ पासून ८० टक्के आहे. ही प्रमाणपत्रे सोने, तांबे, ॲल्युमिनियम आणि लोखंड या चार धातूंच्या हिशेबाने तयार होतात. किती टन भंगार आत आले यापेक्षा किती धातू बाहेर पडला हे मोजणे, ही त्यामागची दिशा योग्य आहे.

वाद आहे तो दराचा. कंपन्यांनी पुनर्चक्रीकरणासाठी द्यायच्या दराला सरकारने ग्राहकोपयोगी विद्युत उपकरणांसाठी किलोमागे किमान २२ रुपयांची मर्यादा घातली, आणि खर्च वाढतो म्हणून काही मोठ्या कंपन्यांनी २०२५ साली दिल्ली उच्च न्यायालयात तिला आव्हान दिले. कंपन्यांचा खर्च वाढेल हे खरेच आहे. पण प्रमाणपत्र फार स्वस्त झाले तर नियम पाळणारा कारखाना धुराड्याचा आणि सांडपाण्याचा खर्च भरून काढू शकत नाही, आणि माल पुन्हा ज्याला असा खर्चच नाही त्या गल्लीकडे वळतो.

## यातून सोन्याच्या खाणी बंद होतील का?

नजीकच्या काळात तरी नाही. २०२२ साली जगभरात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला केवळ २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रीकरणाला गेल्याची नोंद आहे. दुसरे असे की, नव्या उपकरणांत सोने कमी कमी होत चालले आहे. मुलामा पातळ होतो आहे, सोन्याच्या तारेची जागा तांब्याने घेतली आहे. आज भंगारात येणारे वीस वर्षांपूर्वीचे संगणक तुलनेने श्रीमंत आहेत. उद्याचे तसे नसतील.

## घरातल्या जुन्या संगणकाचे काय करावे?

चालू स्थितीत असेल तर आधी वापरावा किंवा वापरणाऱ्याला द्यावा. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान साठवण, बसवली आणि रॅम वाढवली की दहा वर्षांचा संगणकही पत्रव्यवहार आणि अभ्यासासाठी पुरेसा होतो. तो खरोखर निकामी झाला असेल, तर कंपनीच्या संकलन केंद्रात किंवा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदलेल्या पुनर्चक्रीकरण संस्थेला द्यावा आणि पावती मागावी. सोन्याच्या मोहाने रॅम आणि प्रोसेसर काढून ठेवून उरलेला सांगाडा देऊ नये; त्या दोन वस्तू गेल्या की उरलेला माल रीतसर हाताळणे केंद्राला परवडत नाही.

माहिती चोरीला जाईल ही भीती रास्त आहे. फायली पुसणे किंवा साधे फॉरमॅट करणे पुरत नाही, कारण मूळ मजकूर तबकडीवर तसाच राहतो. संपूर्ण तबकडीवर नवा मजकूर लिहिणारे सॉफ्टवेअर मोफत मिळते, ते एकदा चालवावे. एसएसडीसाठी तिच्या उत्पादकाने दिलेली पुसण्याची सोय वापरावी. लॅपटॉप देताना बॅटरी फुगलेली दिसली तर ती ओढून काढू नये; तिला भोक पडले तर आग लागते. केंद्राला तसे आधी सांगावे आणि लॅपटॉप बंद ठेवून उन्हापासून दूर न्यावा.